चिलटाचे जनुक आणि दीर्घायुष्याचे मथळे

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

‘दीर्घायुष्याचे जनुक सापडले’ अशा धर्तीचे मथळे वारंवार छापून येतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मसुंदा तलावाच्या काठावरील आमच्या ज्येष्ठांच्या कट्ट्यावर त्याचीच चर्चा रंगते. मी ठाण्यात अनेक वर्षे जीवशास्त्र शिकवले असल्यामुळे ‘औषध बाजारात कधी येणार?’ हा प्रश्न शेवटी माझ्याकडे येतो, आणि उत्तर देताना मला सीमोर बेंझर (१९२१-२००७) आठवतात.

बेंझर मुळात भौतिकशास्त्रज्ञ. पर्ड्यू विद्यापीठात जर्मेनियमवर काम केल्यावर ते जीवाणूंना ग्रासणाऱ्या विषाणूंकडे वळले आणि जनुक हा माळेतला अखंड मणी नसून त्याच्या आतही तुटण्याजुळण्याच्या असंख्य जागा असतात, हे त्यांनी १९५०च्या दशकात नकाशा काढून दाखवले. पुढे कॅलिफोर्नियातील कॅलटेक या विज्ञानसंस्थेत त्यांनी पिकलेल्या केळ्यांभोवती घोंगावणारे चिलट हाती घेतले. (आंब्याला लागणारी फळमाशी निराळी, वर्गात हा गोंधळ दरवर्षी होत असे.)

१९९८ मध्ये त्यांच्या प्रयोगशाळेने एका जनुकात बदल झालेली चिलटे सरासरी सुमारे ३५ टक्के अधिक जगतात, असे दाखवले. जनुकाला नाव दिले बायबलमधील दीर्घायुषी मेथुसेलाहचे. आपल्याकडे मार्कंडेय शोभला असता. मात्र चिलटाचे आयुष्यच मुळी दोन-तीन महिन्यांचे. या वाढीव दिवसांवरून माणसाच्या आयुष्याचा हिशेब मांडणे हा बेंझर यांच्या कामाचा विपर्यास आहे.

त्यांच्या कामाचे खरे मोल मला पुढच्याच वर्षीच्या शोधनिबंधात दिसते. ‘बबलगम’ नावाच्या चिलटांत फार लांब साखळीची मेदाम्ले साचून मज्जापेशींची झीज होते. अॅड्रिनोल्युकोडिस्ट्रॉफी या मुलांच्या दुर्धर विकारातही हीच मेदाम्ले साचतात. त्या रुग्णांसाठी वापरल्या जाणाऱ्या तेलातील एक घटक चिलटांना खाऊ घातला असता त्यांची झीज टळली. २००० साली अन्य संशोधकांनी मानवी प्रथिन चिलटांत निर्माण करवून कंपवाताशी साम्य असलेली लक्षणे त्यांच्यात उत्पन्न केली. आमच्या कट्ट्यावरील एका सोबत्याला कंपवात आहे. शंभरी गाठण्याची त्यांना हौस नाही. सदऱ्याची बटणे स्वतःला लावता यावीत, एवढेच ते म्हणतात.

या कथेचा एक धागा मुंबईतही आहे, आणि तो मराठी वाचकांपर्यंत क्वचितच पोहोचतो, याची खंत वाटते. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६२ मध्ये रेणवीय जीवशास्त्राचा विभाग उभा करणारे ओबैद सिद्दिकी यांनी, तापमान वाढताच लुळ्या पडणाऱ्या आणि गारव्यात पुन्हा उठणाऱ्या चिलटांवर बेंझर यांच्यासमवेत १९७६ मध्ये शोधनिबंध लिहिला. अशा चिलटांतील एक सदोष जनुक मज्जापेशीतील सोडियम वाहिनीचे, म्हणजे सोडियमचे कण पेशीत सोडणाऱ्या दाराचे, असल्याचे पुढे उघड झाले. माणसात त्याच कुळातील जनुकांच्या दोषांमुळे अपस्माराचे काही प्रकार उद्भवतात.

म्हणून दोन विनंत्या. आयुर्मानाविषयीच्या बातमीत प्रयोग कोणत्या प्राण्यावर झाला आणि त्याचे एरवीचे आयुष्य किती, हे पहिल्याच परिच्छेदात द्यावे. दुसरी, रविवारच्या पुरवणीत सिद्दिकींच्या कामावर एखादा सविस्तर लेख यावा. कट्ट्यावर तो मोठ्याने वाचून दाखवण्याची जबाबदारी माझी.

आपला विश्वासू,
एक निवृत्त शिक्षक, नौपाडा, ठाणे