‘मुलींचीच बाजी’ आणि ‘घर सांभाळून’

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

दहावीचा निकाल लागला की दुसऱ्या दिवशी पहिल्या पानावर कोणता मथळा येणार, हे मी आदल्या रात्रीच घरच्यांना सांगून ठेवते आणि गेल्या कित्येक वर्षांत माझा अंदाज चुकलेला नाही. ‘यंदाही मुलींचीच बाजी’. २०२४मध्ये मुलींचे उत्तीर्णतेचे प्रमाण ९७.२१ टक्के होते आणि मुलांचे ९४.५६, २०२५मध्ये ते अनुक्रमे ९६.१४ आणि ९२.३१ टक्के होते. आकडे थोडेफार खालीवर होतात, क्रम मात्र बदलत नाही. असे असताना ‘यंदाही’ आणि ‘मुलींचीच’ या दोन शब्दांत जे आश्चर्य दडलेले असते, ते अजून का ओसरत नाही, हा माझा प्रश्न आहे. शिवाय बाजी मारायची तर समोर प्रतिस्पर्धी लागतो. माझ्या वर्गातल्या मुली मुलांविरुद्ध परीक्षेला बसत नव्हत्या. दोघांचीही झुंज भूमितीच्या प्रमेयांशी चाललेली असे. मी एकतीस वर्षे गणित शिकवले. निकालाच्या दिवशी शाळेच्या व्हरांड्यात ‘मुली पुढे गेल्या, आणि तू?’ असे म्हणून मुलाच्या पाठीत धपाटा घालणारे वडील मी दरवर्षी पाहिले आहेत. हा मथळा मुलग्यांवरही अन्याय करतो, तो असा.

निवृत्तीनंतर हाताशी वेळ असल्याने मी एका जुन्या दोनशेपानी वहीत वृत्तपत्रांतली कात्रणे चिकटवू लागले. त्यात आपल्या दैनिकातली आहेत, इतरांचीही आहेत. विषय एकच: बाईबद्दल लिहिताना आपोआप कागदावर उतरणारे शब्द. यात कोणाचा दुष्ट हेतू असतो, असे मी मुळीच म्हणत नाही. साचा हाताशी असतो, पान सोडायची वेळ झालेली असते आणि शब्द त्या साच्यात पडतो.

वहीत सर्वांत जास्त वेळा आलेला शब्दप्रयोग आहे ‘घर सांभाळून’. घर सांभाळून स्पर्धा परीक्षेत यश, घर सांभाळून उभारला उद्योग, घर आणि मुलेबाळे सांभाळून पीएच. डी. नवरात्रात नऊ दिवस नऊ कर्तबगार स्त्रियांच्या मुलाखती येतात, तेव्हा तर हा प्रश्न चुकतच नाही. एखाद्या पुरुषाने घर सांभाळून कारखाना काढल्याचे कात्रण मला अद्याप मिळालेले नाही. ही तक्रार मी ऐकीव माहितीवर करत नाही. काही वर्षांपूर्वी मला आणि आमच्याच शाळेतल्या विज्ञानाच्या एका सरांना एकाच दिवशी जिल्हा पातळीवरचा शिक्षक पुरस्कार मिळाला, तेव्हा एका स्थानिक दैनिकाचा वार्ताहर आमच्याकडे येऊन गेला. सरांना त्याने प्रयोगशाळेत उभे केले. मला मात्र ‘घरगुती वातावरणात’ छायाचित्र हवे म्हणून ओट्यापाशी नेले आणि गॅस पेटवून हातात झारा धरायला लावला. वास्तविक त्या दिवशी स्वयंपाक आमच्या यजमानांनी केला होता आणि कढईतली भेंडी त्यांची होती! मी तसे सांगितलेही. छापून आले ते असे: ‘पतीच्या आवडीची भेंडीची भाजी करता करता त्यांनी गणिताची गोडी जपली’. सरांना कोणती भाजी येते, हे वाचकांना आजतागायत कळलेले नाही.

यावर कोणी म्हणेल, बहुतेक घरांत वस्तुस्थिती तशीच आहे, वृत्तपत्राने ती लपवायची का? वस्तुस्थिती तशी आहे, हे मला मान्यच आहे. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०१९च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २९९ मिनिटे देतात, तर पुरुष ९७ मिनिटे. आणि मुळात अशी कामे करणाऱ्यांचे प्रमाण स्त्रियांमध्ये ८१.२ टक्के आहे व पुरुषांमध्ये २६.१ टक्के. जानेवारी २०२१मध्ये अपघाती मृत्यूच्या नुकसानभरपाईच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हीच मिनिटे निकालपत्रात नोंदवली आणि गृहिणीच्या श्रमाचे पैशातले मोल धरलेच पाहिजे, असे स्पष्ट केले. म्हणजे न्यायालय ज्या कामाला काम म्हणते, ते आपल्या मुलाखतींत बाईचा अंगभूत गुण होऊन बसते. ‘घर सांभाळून’ लिहिणाऱ्याने पुढचे एक वाक्य लिहावे: घरात आणखी कोण कोण होते आणि ते त्या वेळी काय करत होते. मग ती बातमी होईल.

याहून गंभीर प्रकार गुन्हेवृत्तांत दिसतो. ‘एकतर्फी प्रेमातून तरुणीवर कोयत्याने हल्ला’ हा मथळा माझ्या वहीत अकरा वेळा आला आहे. शस्त्र तेवढे बदलते. ज्याच्या हातात कोयता आहे, त्याच्या मनात प्रेम होते, हे बातमीदाराला कोणी सांगितले? तर आरोपीने, किंवा त्याचे म्हणणे टिपून घेणाऱ्या पोलिसांनी. मुलीला विचारले असते, तर तिने ‘तो तीन महिने माझ्या मागे लागला होता’ असे सांगितले असते. त्यासाठी कायद्यात शब्द आहे, पाठलाग. २०१३च्या दुरुस्तीपासून तो स्वतंत्र गुन्हा आहे. मथळ्याला जागा कमी पडते, ही सबबही इथे चालणार नाही, कारण ‘पाठलाग’ हा ‘एकतर्फी प्रेमा’पेक्षा आखूड आहे. त्याच जातीचा दुसरा मथळा ‘लग्नास नकार दिल्याने खून’. व्याकरणदृष्ट्या त्यात खुनाचे कारण मुलीचा नकार ठरतो, आणि वाचणारा नकळत तिच्याकडेच बोट दाखवू लागतो.

‘विनयभंग’ या शब्दाबाबत मी वृत्तपत्रांना दोष देत नाही. तो कायद्याच्या मराठी परिभाषेतूनच आला आहे आणि १ जुलै २०२४पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, तरी तो तसाच राहिला. गैरवर्तन करतो पुरुष आणि भंगतो मात्र बाईचा विनय, हे विचित्रच आहे, पण ते बदलायचे काम आपल्या उपसंपादकांचे नाही. ‘छेडछाड’ मात्र खास आपली आहे. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२३मध्ये न्यायाधीश व वकिलांसाठी लिंगभावविषयक साचेबद्ध शब्दांची एक पुस्तिका प्रसिद्ध केली, तिच्यात ‘ईव्ह टीझिंग’ऐवजी रस्त्यावरील लैंगिक छळ म्हणावे, असे सुचवले आहे. ‘करिअर वूमन’ला तिथे दिलेला पर्याय तर मला फारच आवडला. तो आहे नुसते ‘स्त्री’.

शब्द बदलता येत नाहीत, असे कोणी म्हणू नये. माझ्या लहानपणी बलात्काराच्या बातमीत सर्रास ‘अब्रू लुटली’ असे छापलेले असे. आज कोणतेही जबाबदार मराठी दैनिक तसे लिहीत नाही. त्यासाठी कायदा करावा लागला नाही. कोणातरी संपादकाने कधीतरी तो शब्द खोडला असेल, आणि मग इतरांना तो लिहायची लाज वाटू लागली.

वधू-वर जाहिरातींविषयी फार लिहीत नाही, कारण तो मजकूर पैसे भरणाऱ्याचा असतो. ‘गोरी, सुस्वरूप, गृहकृत्यदक्ष’ या तीन अटींसमोर वराच्या बाजूला ‘निर्व्यसनी’ एवढा एकच सद्गुण पुरेसा ठरतो, हे मात्र नमूद करते.

बालभारतीने २०१९मध्ये इयत्ता दुसरीच्या पुस्तकात स्त्री आणि पुरुष दोघे मिळून भाजी निवडत असल्याचे चित्र छापले. तेव्हा त्याचे कौतुक वृत्तपत्रांनीच केले होते. त्या वर्षी दुसरीत असलेली मुले २०२८मध्ये दहावीच्या परीक्षेला बसतील. निकालाच्या दिवशी त्यांनी पेपर उघडावा आणि ‘यंदाही’पासून सुरू होणारा मथळा त्यांना दिसू नये, एवढी व्यवस्था आपण करू शकाल का? ‘राज्याचा निकाल इतके टक्के’ असे साधे छापले तरी कोणाचेही अडणार नाही. मुलामुलींच्या टक्केवारीतला फरक आत चौकटीत द्यावा, आणि शक्य झाल्यास त्या मुलींपैकी किती जणींनी अकरावीला प्रवेश घेतला, याची बातमी ऑगस्टमध्ये पाठोपाठ द्यावी.

वहीची एकशे चाळीस पाने भरली आहेत. आपल्या उपसंपादकांना चाळायची असल्यास कार्यालयात आणून देईन. फक्त ती परत मिळावी, कारण उरलेल्या पानांना अद्याप काम आहे.

आपली नम्र,
एक निवृत्त गणित शिक्षिका, सांगली