नुसती शिकवायची नोकरी

चि. सायलीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

"शेवटी काय, नुसती शिकवायची नोकरी," असं तू परवा फोनवर तुला चालून आलेल्या नोकरीबद्दल म्हणालीस आणि मी मुद्दाम विषय बदलला. बोलत बसले असते तर आपलं वाजलं असतं. लिहिताना मी जरा शांत असते.

जन्मभर ज्युनिअर कॉलेजात केमिस्ट्री शिकवलेली बाई आपल्याच पेशाची तळी उचलणार, हे तू गृहीत धरलं असशीलच. म्हणून माझं राहू दे, जीवरसायनशास्त्रज्ञ कमलाबाई सोहोनींचं सांगते. त्यांची गोष्ट तुला ठाऊक आहे, पण अर्धीच. बहुतेकांना ती अर्धीच ठाऊक असते, आणि माझी तक्रार नेमकी त्याबद्दल आहे.

ठाऊक असलेली अर्धी झटपट उरकते. जन्म इंदूरचा. वडील आणि काका दोघेही रसायनशास्त्रज्ञ, बंगळूरच्या टाटा इन्स्टिट्यूटचे (आजची इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स) सुरुवातीच्या काळातले विद्यार्थी. थोरली बहीण दुर्गा भागवत. १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाची बीएस्सी, तीही पहिल्या नंबराने. मग त्याच टाटा इन्स्टिट्यूटमध्ये अर्ज केला, तर संचालक सी. व्ही. रामन यांनी मुलगी म्हणून तो नाकारला. नोबेल मिळून तीन वर्षं झालेली, त्यांच्या शब्दापुढे कोण बोलणार? ही मात्र थेट बंगळूरला जाऊन हटून बसली. शेवटी प्रवेश मिळाला तो अटी घालून: पहिलं वर्ष नियमित विद्यार्थी धरणार नाही, मार्गदर्शक सांगतील तेव्हा रात्री-अपरात्रीही काम करायचं, आणि प्रयोगशाळेतलं वातावरण बिघडू द्यायचं नाही. वातावरण बिघडवायचं म्हणजे काय, ते रामनच जाणोत.

वर्षभरात तिचं काम पाहून रामन निवळले आणि पुढे संस्थेत मुलींना प्रवेश मिळू लागला. हे त्यांच्या खात्यावर जमा धरायला हवंच. पण तो अपमान आपण विसरलो नसल्याचं कमलाबाईंनी उतारवयात जाहीर बोलून दाखवलं, आणि मला ते आवडतं. क्षमेचं प्रदर्शन मांडायला त्या बांधील नव्हत्या.

बंगळूरला त्यांना एम. श्रीनिवासय्यांसारखे मार्गदर्शक मिळाले. दुधातली आणि डाळी-कडधान्यांतली प्रथिनं हा तिथला विषय. १९३६ ला एमएस्सी. डाळी लक्षात ठेव, पुढे लागतील.

मग केंब्रिज, नोबेल मिळवलेल्या फ्रेडरिक हॉपकिन्सचा जीवरसायन विभाग. तिथे रॉबिन हिलबरोबर त्यांनी बटाट्यावर काम केलं आणि सायटोक्रोम सी हे प्रथिन वनस्पतींच्या पेशींमध्येही श्वसनाचं काम करतं हे दाखवलं. हे तुझंच क्षेत्र, मी काय सांगू. १४ महिन्यांत काम आणि लेखन पुरं, प्रबंध अवघा ४० पानांचा. तुझा प्रबंध बाइंडरकडून आणताना माझा खांदा उतरला होता, ते आठवून हसले. १९३९ ला पीएचडी. 'विज्ञानात पीएचडी मिळवणारी पहिली भारतीय स्त्री' हे बिरुद त्यांना लावतात, पण जानकी अम्मल यांनी १९३१ मध्येच मिशिगनहून वनस्पतिशास्त्रात डॉक्टरेट मिळवली होती. दोघींनाही त्या बिरुदाची गरज नाही, म्हणून मी ते वापरत नाही.

बहुतेक लेख इथवर रंगतात आणि उरलेलं आयुष्य दोन ओळींत गुंडाळतात. मला खरा रस त्या गुंडाळलेल्या भागात आहे.

परतल्यावर दिल्लीच्या लेडी हार्डिंग मेडिकल कॉलेजात जीवरसायन विभाग, मग कुन्नूरची पोषण संशोधन प्रयोगशाळा, जी पुढे हैदराबादला गेली आणि जिला आपण आज एनआयएन, म्हणजे राष्ट्रीय पोषण संस्था, म्हणतो. १९४७ मध्ये लग्न होऊन त्या मुंबईला आल्या आणि रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये नव्याने निघालेल्या जीवरसायन विभागात प्राध्यापक झाल्या. केंब्रिजला एन्झाइमांवर काम केलेली बाई आता मुंबईत विद्यार्थ्यांना शिकवणार. तुझ्या भाषेत 'नुसती शिकवायची नोकरी'.

आता त्यांनी काय केलं ते बघ. तिथे बसून केंब्रिजचे प्रश्न उगाळले नाहीत. रोजच्या खाण्यातले प्रश्न घेतले: डाळी, तांदळाचं पीठ, नीरा. स्वस्त, मुबलक, आणि विद्यार्थी स्वतःच्या हाताने करू शकतील असे. पन्नाशीच्या दशकात त्यांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी वाल, डबल बी यांसारख्या कडधान्यांतल्या ट्रिप्सिन रोधकांवर एकामागून एक शोधनिबंध छापले. ट्रिप्सिन म्हणजे आपल्या आतड्यात प्रथिनं पचवणारं एन्झाइम. कच्च्या दाण्यात असं प्रथिन असतं की ते आपल्या ट्रिप्सिनला चिकटून बसतं आणि खाल्लेली प्रथिनं धड पचू देत नाही. कागदावर भरपूर प्रथिनं असलेलं धान्य अंगी का लागत नाही, याचं एक उत्तर तिथे आहे.

याचं साधं रूप मी बारावीच्या मुलांना करून दाखवायची. साय काढलेलं दूध पाण्याने पातळ करून तीन नळ्यांत घ्यायचं. पहिलीत नुसतं ट्रिप्सिन. दुसरीत ट्रिप्सिन आणि कच्च्या वालाचा गाळलेला अर्क. तिसरीत तेच, पण अर्क आधी चांगला उकळलेला. नळ्यांमागे वहीची रेघ धरायची. पहिल्या नळीतलं दूध हळूहळू निवळतं, केसिन हे दुधातलं प्रथिन तुटत जातं आणि रेघ दिसू लागते. दुसरी तशीच पांढरी. तिसरी मात्र पुन्हा निवळते, कारण उकळल्यावर रोधकाचा जोर जातो. मागच्या बाकावर बसून डुलक्या काढणारी मुलंसुद्धा पुढे येऊन त्या तिसऱ्या नळीत डोकावायची. ह्याला काय लागतं? दूध, वाल, शेगडी आणि वेळ.

तू म्हणतेस, त्या नोकरीच्या ठिकाणी मोठी यंत्रं नाहीत. नसतील. पण यंत्र नाही म्हणून काम नाही, की काम निवडताना यंत्राचाच विचार केला म्हणून काम नाही, हे आधी ठरव. कमलाबाईंनी प्रश्नच असे निवडले की त्यातून मुलांची एमएस्सी-पीएचडी व्हावी आणि पोषणाचं ज्ञानही पुढे सरकावं. शिकवणं आणि संशोधन असे दोन खण त्यांच्या दिवसात होते असं मला तरी वाटत नाही.

नीरेचंही तसंच. राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या सूचनेवरून त्यांनी हे काम घेतलं. ऊन चढलं की नीरा आंबून ताडी व्हायला लागते, म्हणजे नमुना हाताळायलाही कटकटीचा. त्यांना तिच्यात अ आणि क जीवनसत्त्वं, लोह हे चांगल्या प्रमाणात सापडलं, आणि आटवून गूळ केला तरी त्यातलं बरंच टिकतं हेही दिसलं. कुपोषित आदिवासी मुलांच्या आणि गरोदर बायकांच्या आहारात नीरा दिल्यावर प्रकृती सुधारल्याचं पुढच्या अभ्यासांत आढळलं. त्या कामाला राष्ट्रपती पुरस्कार मिळाला.

सगळं गोड नव्हतं. त्याच संस्थेचं संचालकपद त्यांच्या वाट्याला यायला अंतर्गत राजकारणाने चार वर्षं उशीर केला. बंगळूरचा अडथळा निदान समोर उभा होता, त्याच्या दारात बसता तरी आलं. फाइल कुठल्या टेबलावर अडकली आहे हे कळतच नाही तिथे बसायचं कुठे? पुढे त्या संचालक झाल्या. नंतर मुंबईच्या ग्राहक मार्गदर्शन संस्थेत उतरल्या, १९८२-८३ मध्ये अध्यक्ष होत्या, आणि तिच्या 'कीमत' मासिकात सामान्य गिऱ्हाइकासाठी लिहीत राहिल्या. १९९८ मध्ये दिल्लीत एका सत्काराच्या कार्यक्रमात त्या कोसळल्या आणि त्यातच गेल्या.

नोकरी घे असं मी म्हणत नाही, घेऊ नकोस असंही नाही. पण होकार कळवण्याआधी चार गोष्टी तोंडी नको, लेखी विचार. एमएस्सीच्या प्रकल्पांना दर विद्यार्थ्यामागे किती पैसे मिळतात? सेंट्रिफ्यूज चालू आहे की नुसता यादीत आहे? आठवड्याला तास किती, आणि प्रॅक्टिकलचे तास त्यात धरतात की वेगळे? पीएचडीचे विद्यार्थी घ्यायची परवानगी कधीपासून? शेवटच्या प्रश्नाला गोलमाल उत्तर आलं तर मला लगेच फोन कर. बाबांनी स्वेटर पाठवलाय, कुरिअरवाल्याचा फोन येईल तो उचल.

तुझी,
आई