उडून गेलेला राग म्हणजे उदात्तीकरण नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

खेळ आणि तरुणांचे मानसिक आरोग्य या विषयावर आपल्या रविवारच्या पुरवणीत आलेल्या लेखात, कापूर जसा न वितळता उडून जातो तसा मैदानात उतरलेल्या मुलाचा राग उडून जातो आणि यालाच मानसशास्त्रात उदात्तीकरण म्हणतात, अशा आशयाचे विधान होते. लेखामागचा हेतू चांगला असला, तरी या एका वाक्याने दोन्ही शास्त्रांवर अन्याय केला आहे, आणि कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवण्यात हयात घालवलेल्या माझ्यासारख्याला त्यावर गप्प बसवत नाही.

उघड्यावरचा कापूर उडतो हे खरेच; पण संप्लवनाचा, म्हणजे घन पदार्थ द्रव न होता थेट वायू होण्याच्या क्रियेचा (इंग्रजीत हिलाही उदात्तीकरणाप्रमाणे ‘सब्लिमेशन’च म्हणतात), उपयोग पदार्थ परत मिळण्यात आहे. मीठ मिसळलेले नॅप्थलीन (डांबरगोळ्यांतला पदार्थ) शुद्ध करायचे असते, तेव्हा ते चिनी मातीच्या बशीत घेऊन वर नरसाळे पालथे घालतात, नरसाळ्याच्या नळीत कापसाचा बोळा बसवतात, बाहेरून ओला कापूस लावतात आणि खालून मंद आच देतात. मीठ बशीतच राहते आणि नॅप्थलीनचे पांढरे, चकचकीत पापुद्रे नरसाळ्याच्या थंड आतल्या अंगाला धरतात. नरसाळे काढून घेतले, तर खोलीभर वास तेवढा सुटतो, हाती काही लागत नाही. पारा आणि गंधक एकत्र खलून केलेली काळी भुकटी, म्हणजे कज्जली, मातीने माखलेले कापड गुंडाळलेल्या काचकुपीत भरून वालुकायंत्रात, म्हणजे वाळूच्या भांड्यात, तापवणाऱ्या आपल्या रसवैद्यांनाही हे ठाऊक होते; त्यांचा रससिंदूर (पाऱ्याचे लाल औषध) कुपीच्या गळ्याशीच धरतो.

‘न वितळता’ हाही काही पदार्थाचा अंगभूत गुण नव्हे, तो दाबाचा प्रश्न आहे. ज्याला द्रवरूपच नाही असे विद्यार्थी घोकत आले, ते आयोडीन सुमारे ११४ अंश सेल्सिअसला व्यवस्थित वितळते. कोरडा बर्फ नेहमीच्या हवेच्या दाबाला उणे ७८.५ अंशांवर थेट वायू होतो, परंतु दाब त्याच्या पाचपटीहून थोडा अधिक झाला की त्याच कार्बन डायऑक्साइडचा द्रव मिळू शकतो. शिवाय मधली पायरी गाळली म्हणून उष्णता वाचत नाही. शून्य अंशावरच्या एक किलो बर्फाची थेट वाफ करायला सुमारे २,८३० किलोज्यूल उष्णता लागते, म्हणजे वितळवण्याचे ३३४ आणि बाष्पीभवनाचे सुमारे २,५०० किलोज्यूल, दोन्ही मोजून द्यावे लागतात.

आता मानसशास्त्राकडे. मनोविश्लेषणाचे जनक सिग्मंड फ्रॉइड यांनी १९०५ च्या सुमारास उदात्तीकरणाची संकल्पना मांडली आणि १९०८ मधील लेखनात ती अधिक स्पष्ट केली. लैंगिक प्रेरणेने आपले मूळ उद्दिष्ट सोडून, लैंगिक नसलेल्या परंतु मनाच्या पातळीवर त्याच्याशी नाते असलेल्या दुसऱ्या उद्दिष्टाकडे वळणे, असा तिचा आशय आहे. येथे रसायनशास्त्राशी असलेले साम्य संपते, कारण कापूर वर जाऊन पुन्हा कापूरच होतो, तर फ्रॉइड यांच्या मते शक्ती तीच राहून तिचे गंतव्य बदलते. हे थोड्यांनाच जमते आणि त्यांनाही सदासर्वकाळ जमत नाही, असेही त्यांनी तेव्हाच लिहिले होते. (त्यांची प्रत्येक गोष्ट मान्य करावी असे नाही. चित्रकार लिओनार्दो दा विंचीवरील १९१० च्या निबंधात त्यांनी बरेच काही लिओनार्दोच्या बालपणीच्या आठवणीतल्या ज्या गिधाडाच्या आधारे उभे केले, ती चुकीच्या भाषांतरामुळे गिधाड झालेली घार होती.) पुढे अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ जॉर्ज व्हेलंट यांनी उदात्तीकरणाला विनोद व परोपकार यांच्या बरोबरीने परिपक्व संरक्षण यंत्रणांत, म्हणजे मन ताण हाताळण्यासाठी नकळत वापरते त्या प्रगल्भ मार्गांत, स्थान दिले.

राग नुसता बाहेर काढणे ही मात्र वेगळीच गोष्ट आहे आणि ती फारशी गुणकारीही नाही. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ ब्रॅड बुशमन यांच्या २००२ मधील प्रयोगात, डिवचणाऱ्या व्यक्तीचा विचार करत पंचिंग बॅगेवर ठोसे मारणारे विद्यार्थी काहीही न करता बसलेल्यांपेक्षा अधिक संतापलेले आणि अधिक आक्रमक आढळले. कोल्हापुरात फुटबॉलच्या सामन्यानंतर समर्थकांमध्ये होणाऱ्या हाणामाऱ्या पाहिलेल्यांना यात नवल वाटू नये.

तालमीत तापट पोरगा आला, की वस्ताद त्याच्या हाती आधी खोरे देतात. हौद्यातली माती खणायची, तीत तेल, ताक, हळद मिसळायची, मग जोर-बैठका, आणि कुस्ती त्यानंतर. डाव चुकला की तोच डाव पुन्हा. एवढ्याने प्रत्येकाचे उदात्तीकरण होते असा माझा दावा नाही, परंतु येथे रागाला धरायला काहीतरी मिळते, जे गॅलरीत उभे राहून ओरडणाऱ्याला मिळत नाही. पुरवणीत या विषयावर पुढे लेख येणार असतील, तर एखाद्या मानसोपचारतज्ज्ञाबरोबर एखाद्या जुन्या वस्तादांनाही बोलते करावे आणि कापराचा दाखला वगळावा, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त रसायनशास्त्र शिक्षक,
कोल्हापूर