एका खोलीच्या शाळेतल्या बाईंना

आदरणीय बाई,
सप्रेम नमस्कार.

मिशिगनमधल्या त्या जीर्णोद्धार केलेल्या एका खोलीच्या शाळेत आमच्या रविवारच्या मराठी शाळेची मुलं तुम्ही सकाळभर जुन्या काळच्या पद्धतीने शिकवलीत, त्याबद्दल आम्हा सगळ्या शिक्षकांकडून मनापासून आभार. हे पत्र जाहीर लिहितोय, कारण इतर शहरांतल्या मराठी शाळांनीही मुलांना अशा ठिकाणी न्यावं आणि त्यामागची तुमची मेहनत त्यांना कळावी, असं वाटतं.

तुम्ही त्या काळच्या पोशाखाचा आग्रह धरला नाहीत, पाटीचा धरलात. पेन्सिल उभी धरून दाबली की किंचाळते, तिरपी धरून हलक्या हाताने ओढली की गप्प चालते, हे प्रत्येक बाकाशी जाऊन दाखवलंत. ओल्या पाटीवर पेन्सिल नुसती घसरते, म्हणून प्रत्येकाला दोन फडकी दिलीत, एक ओलं आणि एक कोरडं. टाकाच्या बाबतीत तर तुमची तयारी आदल्या दिवसापासून होती. नव्या निबला गंज लागू नये म्हणून तेलकट थर दिलेला असतो. तो काढला नाही तर शाई निबवर धरत नाही आणि कागदावर एकदम ओघळते. तुम्ही सगळ्या निब साबणाच्या कोमट पाण्यात धुऊन, पुसून ठेवल्या होत्या. निब छिद्रापर्यंतच बुडवायची, दौतीच्या काठाला टेकवून जादा शाई सोडायची, खाली येणाऱ्या रेघेवर जरा दाब आणि वर जाणारीवर अजिबात नाही. प्रिंटरच्या साध्या कागदावर शाई फुटते, म्हणून गुळगुळीत कागद आणलात. डावखुऱ्या मुलांना त्या काळी उजव्या हातानेच लिहायला लावत, हे सांगितलंत, पण तसं करायला लावलं नाहीत. कागद उजवीकडे कलता ठेवून दिलात. शिक्षेची उंच टोपीही खुंटीवरच राहिली, तेही योग्यच झालं.

सगळ्यात मोठे आभार मात्र पुढच्या रिकाम्या बाकासाठी. पाच वर्षांपासून चौदा-पंधरा वर्षांपर्यंतची मुलं एका खोलीत आणि शिक्षक एक, हे कसं चालत असेल, ते तुम्ही करूनच दाखवलंत. एक गट त्या बाकावर येऊन धडा तोंडी म्हणणार, तेवढा वेळ बाकीचे पाटीवर आपापलं काम करणार, मग गट बदलणार. हे फसतं ते पाटीवरचं काम लवकर संपल्यामुळे. म्हणून दहा मिनिटांच्या पाळीला पंधरा मिनिटांचं काम, आणि मोठ्या मुलांकडे धाकट्यांचं शुद्धलेखन. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत अशा सुमारे दोन लाख शाळा होत्या. महाराष्ट्रात जिल्हा परिषदेच्या एकशिक्षकी आणि द्विशिक्षकी शाळांत हेच बहुवर्ग अध्यापन आजही रोज चालतं. आमच्या वर्गातही वाचता येणारी आणि अजून अक्षरं गिरवणारी मुलं एकत्रच बसतात, त्यामुळे ही पद्धत आम्ही जशीच्या तशी उचलली आहे.

हिशोबाचा तासही फार छान घेतलात. धान्याची जुनी अमेरिकन मापं घेतलीत: चार पेकचा एक बुशेल, आठ क्वार्टचा एक पेक, तर तीन बुशेलचे क्वार्ट किती? उत्तर शहाण्णव. त्याला जोडूनच आपल्याकडची जुनी मापं, चार शेरांची पायली आणि बारा पायल्यांचा मण, घेतलीत, तेव्हा घरी आजीकडून ऐकलेले शब्द मुलांना एकदम हिशोबात सापडले.

भिंतीवरच्या नकाशाबद्दलही लिहायलाच हवं. १७८५च्या अमेरिकन कायद्याने प्रत्येक टाउनशिपचे, म्हणजे जमीन मोजून आखलेल्या मोठ्या चौकोनाचे, ३६ चौरस भाग पाडले आणि सोळावा भाग, म्हणजे ६४० एकर, शाळेसाठी राखला. ही जमीन आधी ओजिब्वे, ओडावा आणि पोटावाटोमी या मूळनिवासी लोकांची होती, हे तुम्ही त्याच दमात सांगितलंत. मुलांपासून हे लपवायचं काही कारण नव्हतं.

ज्या गवंड्यांनी आणि सुतारांनी इमारत वाचवली, त्यांनाही आमचे आभार कळवा. जुन्या मऊ विटांच्या सांध्यांत त्यांनी सिमेंट न भरता चुना भरला. सिमेंट विटेपेक्षा कडक असतं, ओल आतच अडकते, थंडीत गोठते आणि विटेचे पापुद्रे सुटतात. भिंतीजवळ उभं राहून मुलांनी ते सांधे बोटाने चाचपून पाहिले, हेही तुमच्यामुळेच. डिअरबॉर्नची १८६१ची स्कॉच सेटलमेंट शाळा हेन्री फोर्डने, स्वतः तिथे शिकल्यामुळे, ग्रीनफील्ड व्हिलेज या आपल्या खुल्या संग्रहालयात हलवून जपली. तुमच्या शाळेमागे तसा धनिक नाही, स्वयंसेवक आहेत.

मुलांनी टाकाने लिहिलेली पानं वाळवून सोबत पाठवत आहोत. बिडाच्या शेगडीजवळ बसलेल्यांना घाम आणि खिडकीशी बसलेल्यांना हुडहुडी, म्हणून हिवाळ्यातल्या तुकड्यांसाठी दर पाळीला जागा बदलण्याची सूचनाही लिहून दिली आहे. शिवाय दोन डझन पाट्या आणि फडकी शाळेला भेट देणार आहोत. कोणत्या आठवड्यात आणून देऊ, तेवढं कळवा.

कळावे, लोभ असावा.

आपले,
रविवारच्या मराठी शाळेतले सर्व शिक्षक