साच्याजवळ उभं करून शिकवणाऱ्या काकांस

आदरणीय काका,

सप्रेम नमस्कार. समोर येऊन आभार मानले असते, तर "पुरे, पुरे" म्हणत तुम्ही मशिनकडे वळला असतात. म्हणून हे उघड पत्र.

आम्ही स्टीलवाले तक्त्यातून सेक्शन (ठरावीक आकाराची तयार तुळई) उचलतो आणि गणिताला लागतो. फायबर कंपोझिटमध्ये, म्हणजे रेझिन या घट्ट होणाऱ्या चिकट द्रवात तंतू बसवून केलेल्या मालात, माल आणि मेंबर (तुळईसारखा भाग) एकाच वेळी तयार होतात. हे मला खऱ्या अर्थाने कळलं ते तुमच्या भट्टीपाशी. पलट्रूजनच्या (रेझिनमध्ये भिजलेले काचतंतू तापलेल्या साच्यातून ओढून केलेल्या) आय-सेक्शनचा तुकडा तुम्ही ५६५ अंश सेल्सिअसला जाळलात. रेझिन उडालं, काच उरली. मग चिमट्याने एकेक थर सोलून दाखवलात: मधे लांबीच्या दिशेने गेलेलं रोव्हिंग (सरळ तंतूंच्या जुड्या), दोन्ही अंगांना मॅट (सगळ्या दिशांना पसरलेल्या तंतूंची चटई), आणि वेब (उभी पट्टी) फ्लॅंजला (आडव्या पट्टीला) मिळतो त्या कोपऱ्यात मॅटला पडलेली सुरकुती. "आडव्या दिशेला जे काही आहे ते एवढंच," म्हणालात. बोल्टवर ताण आला की भोकापासून टोकापर्यंतचा पट्टाच का निसटतो, हे मग कोणी समजावून सांगायची गरज उरली नाही.

डिफ्लेक्शनबद्दल, म्हणजे भाराखाली वाकण्याबद्दल, मी कुरकुरत होतो. स्टीलचा मॉड्युलस (ताठपणाचं माप) २०० गिगापास्कल, काचेच्या पलट्रूडेड सेक्शनचा लांबीत साधारण २० ते ४०, कुरकुर होणारच. ताठपणा वाढवायला जादा रोव्हिंग फ्लॅंजमध्ये कुठे बसेल हे तुम्ही दाखवलंत, आणि हावरटपणा केला तर माल साच्यातच अडकेल हेही.

व्हॅक्यूम इन्फ्यूजनच्या (बॅगेतली हवा पंपाने ओढून कोरड्या तंतूंत रेझिन शिरवण्याच्या) वेळी सगळ्यांना घाई. तुम्ही मात्र पंपाचा व्हॉल्व्ह बंद करून गेजकडे बघत उभे. काटा हलला. बॅगेच्या कडेची टेप बोटांनी चाचपत पुन्हा फिरलात, गळती सापडेपर्यंत रेझिनची नळी उघडू दिली नाहीत. (रेझिन घट्ट करणारा हार्डनर तोवर घातलाच नव्हता, तीही तुमचीच शिस्त.) हवा शिरली की पोकळ्या आणि कोरडे डाग लॅमिनेटमध्ये (थरांच्या तयार मालात) कायमचे राहतात.

काचतंतूंची सळई साइटवर वाकवता येत नाही, बेंड रेझिन पक्कं व्हायच्या आत कारखान्यातच द्यावा लागतो आणि तिथे ताकद घटते. तेव्हा स्टिरपचे (मुख्य सळयांना वेढणाऱ्या वाकवलेल्या कड्यांचे) आकार आधी कळवा, ही तुमची ताकीद आमच्या ऑफिसात नियमच झाली आहे.

आता आमच्या ड्रॉइंगवर मापांशेजारी थरांचा क्रम आणि तंतूंची दिशाही असते. पादचारी पुलाच्या डेकचं नवं ड्रॉइंग पाठवतोय. कोपऱ्याची त्रिज्या तेवढी बघा, लाल पेन्सिल मोकळेपणाने चालवा.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक स्ट्रक्चरल इंजिनिअर