पहिलीच्या वर्गाला अनुभवी शिक्षक हवेत

महोदय,

पहिली-दुसरीचे वर्ग नवख्या शिक्षकांकडे सोपवायचे आणि अनुभवी मंडळींना वरच्या वर्गांवर पाठवायचे, ही पद्धत बदलायला हवी. मी माध्यमिकला विज्ञान शिकवत होते. नंतर पहिलीचा वर्ग आपणहून मागून घेतला. शिकवण्याचा खरा कस इथेच लागतो, असे माझे ठाम मत आहे.

परवा एका मुलीने १३ मधून ५ वजा करून ८ सांगितले. ‘कसं काढलंस?’ विचारल्यावर म्हणाली, ‘आधी ३ काढले, १० उरले. मग अजून २ काढले.’ नुसती बरोबरची खूण केली असती, तर तिची रीत बाकीच्या मुलांना कळलीच नसती. मग प्रत्येकाने आपापली रीत सांगितली. तास संपला, पण खूप काही शिकून झाले.

मारिया माँटेसरी मुळात डॉक्टर. १९०७ मध्ये रोमला ‘बालगृह’ ही लहान मुलांची शाळा सुरू केल्यावर त्यांनी मुलांचे बारकाईने निरीक्षण केले आणि त्यातून आपली शिक्षणपद्धत घडवली. सहाव्या वर्षी आकडे, अक्षरे उलटी काढणारी मुले सर्रास दिसतात. तिथे लाल शाई नको, थोडी सवड हवी. ती सवड शिक्षकालाही मिळावी, म्हणून तक्ते आणि अहवाल भरण्याचे काम आधी कमी करा.

– एक प्राथमिक शिक्षिका