काकूंचा मोगरा मी कापला

ठाणे, ५ मार्च

प्रिय मंजे,

आधी मनसोक्त शिव्या घाल, मग पुढे वाच. गणपतीनंतर मी तुला एक ओळ लिहिली नाही. फोन दोनदा हातात घेतला आणि ठेवून दिला. तू पहिल्याच वाक्याला "मोगरा कसाय?" विचारणार, आणि तुझ्याशी खोटं बोलणं मला जमत नाही. तब्येत बरी आहे. गुडघा तसाच.

तर मोगरा. महिन्यापूर्वी मी तो कापला. साडेचार फुटांचा दीड फूट केला. काकूंच्या नौपाड्याच्या अंगणातला तो एवढाच उरलाय, हे माहीत असून कापला. तुझ्याशिवाय हे कुणाला सांगू? इथे सगळे म्हणतात, "झाडच ना?"

गेल्या मे महिन्यात त्याला एकही कळी आली नाही. फांद्या मात्र लांबतच चालल्या. मोगरा वेल की झुडूप, यावरून आपण किती भांडायचो! तू वेल म्हणायचीस, आणि काकू मधे पडून "आधी गजरा करा" म्हणायच्या. मला वाटलं, मंजीचंच खरं निघालं. ग्रिलला सुतळी बांधून दिली. नर्सरीतला माणूस म्हणाला, चिमूटभर युरिया घाला, तोही घातला. त्यातल्या नत्राने पानं आली, लांबी आली, फूल काही आलं नाही.

जानेवारीत एका दुपारी शिवणाची टेप घेऊन कुंडीपाशी बसले. बुंध्याजवळ पानांच्या दोन जोड्यांमध्ये जेमतेम दीड इंच अंतर. वर जाता जाता अडीच, साडेतीन, शेंड्याकडे साडेचार. काडी फिकट पोपटी, खालची पानं गळलेली, आणि झाडून सगळ्या फांद्या खिडकीकडे माना काढून. हे वेलीचं पसरणं नव्हतं गं, उजेडासाठीची धडपड होती. आणि कधीपासून, तेही त्या काडीवर मोजता येत होतं.

सव्वा वर्षापूर्वी सोसायटीचं रंगकाम निघालं. इमारतीला परांची, वर हिरवी जाळी, तब्बल सात महिने. तेव्हा मी कुंडी गॅलरीतून हॉलमध्ये टीव्हीशेजारी आणली. जाळी उतरली, पण कुंडी तिथेच राहिली, कारण सासूबाई संध्याकाळी तिच्याजवळ बसायच्या. आपल्या डोळ्यांना हॉल लख्ख वाटतो. मोगऱ्याला पाच-सहा तास थेट ऊन लागतं. काचेआडच्या त्या उजेडात तो उपाशीच होता.

चिरंजीवांनी अकरावीचं बायोलॉजी काढून समजावलं. शेंड्यात ऑक्झिन नावाचं वाढीचं संप्रेरक तयार होतं. ते सावलीच्या बाजूला जास्त जमतं, तिथल्या पेशी ताणल्या जातात आणि काडी उजेडाकडे वाकते. तेच ऑक्झिन खाली उतरून बाजूच्या डोळ्यांना, म्हणजे पानांच्या बगलेतल्या कोंबांना, झोपवून ठेवतं. शेंडा उडवला की डोळे जागे होतात. म्हणजे सुतळीने भागणार नव्हतं, कात्रीच हवी होती. मोगऱ्याची फुलं नव्या फुटीवरच येतात, तेव्हा छाटणी फेब्रुवारीतच व्हायला हवी होती.

आधी दहा-बारा दिवस कुंडी रोज थोडी थोडी गॅलरीतल्या उन्हाकडे सरकवली, एकदम उन्हात पानं भाजतात. मग छाटणीचं सिकेटर स्पिरिटने पुसलं. पहिल्या फांदीला हात लावला आणि काकू डोळ्यांसमोर आल्या, परकराच्या ओच्यात कळ्या गोळा करताना. पानांच्या जोडीच्या जरा वर, कचकन. एका दिवशी तीनच फांद्या कापल्या. उरलेल्या दोन पंधरा दिवसांनी, निदान काही पानं तरी राहावीत म्हणून. त्या दिवशी मी जेवले नाही, खरं सांगते.

सतराव्या दिवशी पानाच्या बगलेत मोहरीच्या दाण्याएवढा हिरवा ठिपका दिसला. समोरच्या पानाशी दुसरा. मंजे, प्रत्येक कापाखाली दोन-दोन! काल टेप लावली: नव्या फुटीत जोड्यांमधलं अंतर सव्वा इंच. तीन जोड्या झाल्या म्हणून काल शेंडेही खुडले. फुलं थोडी उशिरा येतील, पण फांद्या दुप्पट होतील.

आमची गॅलरी दक्षिणेची. मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरपर्यंत ठाण्यात भर दुपारचा सूर्य उत्तरेकडे कललेला असतो, तेव्हा गॅलरीत थेट ऊन येतच नाही. इतकी वर्षं हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. तेवढे दिवस कुंडी बेडरूमच्या पूर्वेच्या ग्रिलमध्ये जाईल, ती जागा कालच रिकामी केली.

तुझी नागपूरची बदली कायम झाली का? ताईंच्या डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं ना? पिंट्याला माझे आशीर्वाद सांग, आणि त्याच्या मार्कांवरून त्याला छळू नकोस.

कापलेल्या काड्या मी सगळ्याच फेकल्या नाहीत. कोवळे शेंडे टाकले, पक्क्या लाकडाचे तीन-तीन डोळ्यांचे सात तुकडे मातीत लावले. दोन काळे पडले. पाच हिरवे आहेत, त्यातल्या एकाला कालपासून पान फुटतंय. उपटून मुळं बघायचा मोह रोज आवरते. तो पान फुटलेला तुझा. मे महिन्यात येशील तेव्हा रात्रीच्या गाडीने ने, उन्हातून नको. तुझ्या क्वार्टरला पूर्वेची खिडकी आहे की पश्चिमेची, तेवढं आधी कळव.

तुझी,
नमी